पुनर्वसनाचे दोन अर्थ : मेंदूची इजा, व्यवसायोपचार आणि कामावरची नित्य साधने
(नांदेड-लातूर परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन)

लातूर जिल्ह्यात 'पुनर्वसन' हा शब्द उच्चारला की ऐकणाऱ्याच्या मनात प्रथम घरे येतात. दि. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपाने लातूर व तत्कालीन उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसांचा बळी घेतला. जखमींची संख्या त्याहूनही मोठी होती. त्यानंतर बावन्न गावे नव्या जागी वसविण्यात आली. घर आणि गाव पुनः उभे करणे या अर्थाने 'पुनर्वसन' हा शब्द शासकीय कागदांत व लोकांच्या बोलण्यात इतका रुजला, की त्याचा दुसरा अर्थ काहीसा मागे पडला. आजाराने किंवा इजेने कामापासून तुटलेल्या मनुष्यास पुनः त्याच्या कामात वसविणे, हा तो दुसरा अर्थ होय.

प्रस्तुत लेखात या दुसऱ्या अर्थाचा मागोवा घेण्याचे योजिले आहे. त्यातही विवेचन मेंदूच्या इजेपुरते मर्यादित ठेविले आहे. अपघातात डोक्यास लागलेला मार आणि पक्षाघाताचा झटका ही अशा इजेची दोन प्रमुख कारणे. अशा रुग्णास कामावर परत नेण्याचे शास्त्र म्हणजे व्यवसायोपचार. या शास्त्राचा इतिहास पाहता असे दिसते, की त्याने प्रत्येक काळी रुग्णाच्या भोवतालच्या साधनांनाच उपचाराचे साधन बनविले. मग ज्या काळात कामावरची साधनेच बदलली, त्या काळात हे शास्त्र आपल्या भागातील रुग्णासाठी काय करू शकते, हा प्रश्न ओघानेच उपस्थित होतो.

(१) शास्त्राचा उगम

व्यवसायोपचाराची पहिली संघटना अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील क्लिफ्टन स्प्रिंग्ज या गावी मार्च १९१७ मध्ये स्थापन झाली. तिच्या संस्थापकांत मनोविकारतज्ज्ञ विल्यम रश डंटन, समाजसेविका एलिनॉर क्लार्क स्लेगल आणि वास्तुशिल्पी जॉर्ज बार्टन हे होते. यांपैकी बार्टन हे स्वतः क्षयाने आजारी पडलेले व शरीराच्या डाव्या अंगाची शक्ती काही काळ गमावून बसलेले गृहस्थ होते. बागकाम व सुतारकाम करीत आपण बरे झालो, असा त्यांचा अनुभव होता. हाताला व मनाला अर्थपूर्ण काम मिळाले म्हणजे प्रकृतीस उतार पडतो, ही कल्पना अशा रीतीने वैद्यकाच्या कक्षेत आली.

मेंदूच्या इजेचा विचार मात्र युद्धामुळे पुढे आला. पहिल्या महायुद्धात डोक्यास गोळी लागूनही वाचलेले सैनिक मोठ्या संख्येने जर्मनीत परतले. कुर्ट गोल्डस्टाइन यांनी फ्रँकफर्ट येथे त्यांच्यासाठी संस्था काढली आणि मानसशास्त्रज्ञ आडेमार गेल्ब यांच्या साहाय्याने त्यांचा अभ्यास केला. या संस्थेत रुग्णालयाच्या खाटेबरोबर कार्यशाळाही होती. रुग्ण चाचणीत काय करतो आणि प्रत्यक्ष कामावर काय करतो या दोन गोष्टी नेहमी जुळत नाहीत, हे ज्ञान या पद्धतीतून मिळाले. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत रशियात अलेक्झांडर लुरिया यांनी उरल प्रदेशातील रुग्णालयात अशाच जखमींवर काम केले. मेंदूतील एखादे केंद्र नष्ट झाले तरी तेच कार्य दुसऱ्या मार्गाने, निराळ्या पायऱ्यांची जुळणी करून साधता येते, हा त्यांच्या विवेचनाचा गाभा होय. आजच्या पुनर्वसनशास्त्राची बरीच उभारणी या विचारावर झालेली आहे.

(२) महाराष्ट्रातील आरंभ

भारतात या शास्त्राचा पाया महाराष्ट्रात घातला गेला. त्याचे श्रेय कमला निंबकर यांच्याकडे जाते. त्या मूळच्या अमेरिकन, क्वेकर पंथीय. माहेरचे नाव एलिझाबेथ लंडी. विष्णू निंबकर यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि त्या येथीलच झाल्या. पुढे अमेरिकेत व्यवसायोपचाराचे रीतसर शिक्षण घेऊन त्यांनी १९५० मध्ये मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात व्यवसायोपचाराची पहिली भारतीय शाळा सुरू केली. १९५२ मध्ये अखिल भारतीय व्यवसायोपचारक संघटना स्थापन झाली. त्याच वर्षी जागतिक संघाची स्थापना झाली, तेव्हा त्याच्या दहा संस्थापक देशांत भारताचा समावेश होता. स्वातंत्र्य मिळून पाच वर्षेही पुरती लोटली नसताना एका नव्या वैद्यकीय शाखेत देशास असे स्थान मिळावे, ही गोष्ट अभ्यासकांनी नोंद घेण्याजोगी आहे. पुढे नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातही व्यवसायोपचाराचे शिक्षण सुरू झाले. मुंबईत हाजीअली येथे १९५५ मध्ये स्थापन झालेली भौतिक वैद्यक व पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था हीदेखील याच परंपरेतील.

त्या काळच्या व्यवसायोपचार विभागात हातमाग, पायाने चालवावयाची करवत, विणकाम, सुतारकाम यांचे प्राबल्य असे. पुढील काळात या गोष्टींकडे जुनाट म्हणून पाहण्याची प्रवृत्ती झाली. तथापि तत्कालीन परिस्थिती ध्यानात घेता ही निवड अत्यंत सयुक्तिक होती. मुंबईचा रुग्ण बहुधा गिरणीत काम करी आणि गावाकडचा रुग्ण शेतावर, मागावर किंवा लोहारशाळेत. मागावर बसणाऱ्याचे हात, पाय, डोळे आणि लक्ष ही चारही एकाच वेळी कामास लागत. शिवाय विणलेले कापड रुग्णास डोळ्यांनी दिसे. आपण कोठे चुकलो हे त्यास कोणी सांगावे लागत नसे. अर्थात त्यामागील तत्त्व माग हे नव्हते. ज्या साधनाने रुग्ण पोट भरतो ते साधन, अथवा त्याच्या जवळचे दुसरे, त्याच्या हाती द्यावयाचे हे खरे तत्त्व होते. नंतरच्या पिढ्यांनी मागाचे स्मरण ठेविले. त्यामागील तत्त्वाचा मात्र कित्येक ठिकाणी विसर पडला.

(३) मराठवाड्यातील क्रम

के. ई. एम. रुग्णालयात ही शाळा निघाली तेव्हा नांदेड जिल्हा व आजचा लातूर जिल्हा हे दोन्ही हैदराबाद राज्यात होते. सप्टेंबर १९४८ मधील पोलीस कारवाईस दोन वर्षेही झाली नव्हती. मोठ्या दुखण्यासाठी या भागातील मनुष्य हैदराबादेस जाई. १९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि त्याच वर्षी औरंगाबादेस (आजचे छत्रपती संभाजीनगर) वैद्यकीय महाविद्यालय निघाले. १९७०च्या दशकात अंबाजोगाई येथे ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय झाले. लातूर हा स्वतंत्र जिल्हा १९८२ मध्ये झाला. नांदेडचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८८चे, तर लातूरचे २००२चे. म्हणजे किल्लारीचा भूकंप झाला त्या दिवशी लातूर शहरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय नव्हते. जखमींना सोलापूर, अंबाजोगाई अशा ठिकाणी नेणे भाग होते.

या क्रमाचा अर्थ स्पष्ट आहे. मागासलेल्या प्रदेशात वैद्यकीय सेवा ज्या क्रमाने येते, त्यात जीव वाचविण्यास पहिले स्थान असते आणि ते योग्यही आहे. प्रथम शल्यचिकित्सा येते, मग हातापायांचे व्यायाम शिकविणारा भौतिकोपचार येतो आणि कामावर परत नेणारा व्यवसायोपचार सर्वांच्या शेवटी येतो. आरंभीच्या शाळा मुंबई व नागपूर येथे होत्या. नांदेडहून मुंबई सुमारे सहाशे किलोमीटर व नागपूर सुमारे साडेतीनशे किलोमीटर. पक्षाघात झालेला हमाल किंवा मोटारसायकलवरून पडलेला मिस्त्री महिनोन्महिने चालावयाच्या उपचारासाठी एवढ्या लांब जाऊन राहू शकत नाही. त्यामुळे या भागात पुष्कळशा कुटुंबांत उपचाराची समाप्ती 'आता चालू-बोलू लागला' या वाक्याने होते. चालू-बोलू लागलेला मनुष्य कामावर गेला की काय होते, हा प्रश्न तेथून पुढे सुरू होतो; परंतु तेव्हा रुग्णालयाशी त्याचा संबंध संपलेला असतो.

(४) साधने बदलली

कामावर गेलेल्या या मनुष्यास आज कोणती साधने भेटतात, हे काही उदाहरणांवरून पाहू.

राज्य परिवहनाच्या वाहकाचे पूर्वीचे साधन म्हणजे तिकिटांची पेटी, पंच आणि वेबिल. या साधनांची जागा तिकीटयंत्राने घेतली. यंत्रावर प्रवासाचा टप्पा निवडावा लागतो आणि नंतर सवलतीचा प्रकार. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील प्रवाशांना विनामूल्य प्रवास मिळाला व मार्च २०२३ पासून महिलांना अर्ध्या भाड्याची सवलत मिळाली. अशी प्रत्येक सवलत म्हणजे यंत्रावरची आणखी एक निवड होय. अंगणवाडी सेविकेच्या हाती २०२१ पासून 'पोषण ट्रॅकर' आला आणि नोंदवहीतील नोंदी मोबाइलवर गेल्या. शाळेतील शिक्षकास २०१५ पासून 'सरल' या संगणकप्रणालीत विद्यार्थ्यांची माहिती भरावी लागू लागली. पिकाची नोंद २०२१ पासून शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवर करावी अशी योजना आली. आडत बाजारातील मापाड्यापुढे वजने टाकून तोलावयाच्या काट्याच्या जागी आकडा दाखविणारा काटा आला आणि मुनिमाची रोजकीर्द-खतावणी संगणकात गेली. २०१६ मध्ये सुरू झालेल्या यूपीआय व्यवहाराने तर चहाच्या टपरीपर्यंत मजल मारली.

यांतील कोणतेही साधन निरोगी मनुष्यास अवघड नाही, आणि नेमकी हीच अडचण आहे. सहकाऱ्यांस जे सहज वाटते ते एखाद्यास जमले नाही, तर तो आळस किंवा टाळाटाळ समजली जाते. मेंदूच्या इजेचे परिणाम पुष्कळदा बाहेरून दिसत नाहीत. हात हलतो, भाषा शुद्ध असते. परंतु पाच पायऱ्यांच्या कृतीतील तिसरी पायरी मनातून निसटते. लक्ष दोन ठिकाणी विभागता येत नाही. डाव्या बाजूचे भान कमी झाले असेल, तर पडद्याच्या डाव्या कोपऱ्यातील खूण दिसूनही ध्यानी येत नाही. दुपारनंतर मेंदू थकतो आणि सकाळी जमलेले काम संध्याकाळी जमत नाही.

नवी साधने नेमक्या याच दुबळ्या जागांवर भार टाकतात. सांकेतिक शब्द स्मरणात ठेवावा लागतो. मोबाइलवर आलेला अंक ठरावीक वेळेत दुसऱ्या जागी लिहावा लागतो आणि वेळ टळली की पहिल्यापासून आरंभ करावा लागतो. प्रणाली सुधारली की ओळखीच्या खुणा जागा बदलतात. जुन्या तराजूत चूक झाली तर पारडे खाली जाई. नव्या यंत्रात चुकीचा आकडाही बरोबर आकड्याइतकाच स्वच्छ दिसतो.

तथापि नवे तेवढे वाईट असा निष्कर्ष यावरून काढणे अनैतिहासिक ठरेल. जुन्या वाहकास तोंडी हिशेब करावा लागे आणि वेबिलाचा मेळ घालावा लागे. इजेमुळे ज्याची गणनशक्ती गेली, पण पायऱ्यांचा क्रम शाबूत राहिला, त्यास तिकीटयंत्र हा आधारच आहे. स्मृती दुबळी झालेल्यास मोबाइलचा गजर हा विश्वासू सोबती ठरतो. १९९०च्या दशकात इंग्लंडमध्ये बार्बरा विल्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा रुग्णांच्या कमरेस संदेशयंत्र लावून औषधे, भेटी व कामे यांची आठवण देण्याची पद्धत यशस्वीपणे वापरली. सारांश, एकच साधन एका रुग्णास अडसर व दुसऱ्यास कुबडी होऊ शकते. कोणास काय होईल, हे त्या साधनासह त्या मनुष्यास काम करताना पाहिल्यावाचून सांगता येत नाही. गोल्डस्टाइन यांच्या कार्यशाळेने दिलेला धडा येथे पुनः उपयोगी पडतो.

(५) मोजणी आणि शिक्षण

असे पाहण्याची शास्त्रीय रीत अलीकडच्या काळात स्वीडनमध्ये विकसित झाली. लुईस नीगोर्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी नित्य साधनांच्या वापरासंबंधी दोन मापनपद्धती तयार केल्या. पहिलीत, कोणते साधन किती अवघड वाटते हे रुग्णास विचारले जाते. दुसरीत, रुग्ण स्वतःचे साधन स्वतःच्या ठिकाणी वापरत असताना त्याचे निरीक्षण केले जाते. आरंभी हा अभ्यास वृद्धांच्या स्मृतिभ्रंशासंबंधी होता. पुढे अॅन-शार्लोट कासबर्ग आदींनी तो मेंदूची इजा झालेल्या व्यक्तींपर्यंत नेला. मिक्सर, दूरध्वनी, पैसे काढावयाचे यंत्र, संगणक या सर्वांना एकाच मोजपट्टीवर ठेवण्याची कल्पना आपल्याकडील अभ्यासकांनाही उपयोगी पडण्यासारखी आहे. मात्र तेथील यादी जशीच्या तशी येथे चालणार नाही. तिच्यात तिकीटयंत्र, रेशन दुकानातील अंगठ्याचे यंत्र, मापाड्याचा काटा यांचा समावेश करावा लागेल.

शिकविण्याच्या रीतीसंबंधीही काही निश्चित ज्ञान उपलब्ध आहे. अॅलन बॅडली व बार्बरा विल्सन यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात असे दाखविले, की स्मृती गंभीरपणे दुबळी झालेल्या व्यक्तीस चुकत-चुकत शिकू देण्यापेक्षा चूक होऊच न देता शिकविणे अधिक फलदायी होते. आपण चुकलो होतो हे अशा मनुष्यास आठवत नाही, परंतु चुकीची कृती मात्र हाताच्या सवयीत उतरते, असे त्याचे कारण दिले जाते. म्हणून यंत्राच्या पायऱ्या थोड्या कराव्यात, त्यांचा क्रम रोज तोच ठेवावा, प्रत्येक पायरी मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून यंत्राशेजारी लावावी आणि आधार हळूहळू काढून घ्यावा, असा मार्ग अवलंबिला जातो. यास मोठा खर्च लागत नाही. लागतो तो शिकविणाऱ्याचा वेळ, आणि वरिष्ठांची थोडी संमती.

(६) कायदा आणि त्याची मर्यादा

१९९५च्या अपंग व्यक्तींसंबंधीच्या कायद्याच्या कलम ४७ने सेवेत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्यास काढून टाकण्यास किंवा त्याचा दर्जा कमी करण्यास मनाई केली. पहिले काम जमत नसेल तर त्याच वेतनावर दुसरे पद द्यावे, तेही नसेल तर अधिसंख्य पद निर्माण करावे, अशी त्यात तरतूद होती. सर्वोच्च न्यायालयाने कुणाल सिंग यांच्या प्रकरणात २००३ मध्ये या संरक्षणाचा स्पष्ट पुरस्कार केला. २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याच्या कलम २०ने हे संरक्षण शासकीय आस्थापनांपुरते पुढे चालविले आणि दिव्यांग कर्मचाऱ्यास कामावर वाजवी सोयी करून देणे हेही त्यांचे कर्तव्य ठरविले.

या कायद्यांचे महत्त्व निर्विवाद आहे. तरी दोन गोष्टी ध्यानात ठेवावयास हव्यात. पहिली अशी, की २०१६च्या कायद्याच्या अनुसूचीत एकवीस प्रकारच्या दिव्यांगतांची नोंद आहे. परंतु तिच्यात मेंदूची इजा हा स्वतंत्र प्रकार नाही. त्यामुळे ज्याचे हातपाय चालतात पण स्मृती व नियोजनशक्ती खचली आहे, अशा मनुष्यास आपली अडचण दुसऱ्या एखाद्या शीर्षकाखाली बसवून घ्यावी लागते. दुसरी गोष्ट याहून मूलभूत आहे. अधिसंख्य पदावर मनुष्याचे वेतन सुरक्षित राहते, पण काम परत मिळत नाही. वीस वर्षे वर्गात उभा राहिलेला शिक्षक केवळ माहिती भरता येत नाही म्हणून कोपऱ्यातील टेबलाशी बसविला गेला, तर कायद्याचे पालन झाले. पुनर्वसन झाले असे म्हणता येणार नाही. आणि आडत बाजारातील मापाडी, खासगी दुकानातील मुनीम किंवा मानधनावर काम करणारी अंगणवाडी सेविका यांना तर नियमित शासकीय कर्मचाऱ्यासारखी निश्चितीही नाही. ज्यांना कायद्याचा आधार थोडा, त्यांना उपचाराच्या या शाखेची गरज अधिक, असा याचा अर्थ होतो.

(७) समारोप

वरील विवेचनावरून दोन निष्कर्ष निघतात. एक, व्यवसायोपचाराचा इतिहास हा कलाकुसरीचा इतिहास नसून रुग्णाच्या स्वतःच्या साधनांकडे लक्ष देण्याचा इतिहास आहे. १९५०चा हातमाग व आजचे तिकीटयंत्र हे त्या दृष्टीने एकाच पंक्तीत बसतात. दोन, मराठवाड्यात वैद्यकीय सेवा उशिरा आल्या आणि कामावरची नवी साधने मात्र शासनाच्या आदेशाने इतर महाराष्ट्राबरोबरच आली. या दोन गतींतील अंतराचा भार मेंदूची इजा झालेल्या कामगाराच्या माथी पडतो.

हे अंतर कमी करण्याचे काम केवळ वैद्यकाचे नाही. १९९४ मध्ये स्थापन झालेल्या आपल्या विद्यापीठाचा मुख्य परिसर नांदेड येथे व उपपरिसर लातूर येथे आहे आणि दोन्ही शहरांत शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. समाजशास्त्र, मानसशास्त्र, अर्थशास्त्र यांच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी या दोन जिल्ह्यांतील दहा-बारा प्रमुख व्यवसाय निवडून प्रत्येकात रोज कोणती साधने हाताळावी लागतात व त्यांच्या पायऱ्या किती, याची साधी नोंद केली, तर व्यवसायोपचारकास व चिकित्सकास आवश्यक असलेली सामग्री हाती येईल. रुग्णास घरी सोडताना दिल्या जाणाऱ्या कागदावर औषधांच्या यादीबरोबर 'कामावर आपण कोणते यंत्र वापरता?' एवढा एक प्रश्न असावा, अशीही सूचना येथे करावीशी वाटते. त्याचे उत्तर मिळाले म्हणजे उपचार कोठपर्यंत न्यावयाचा हे ठरविता येईल. भूकंपानंतर या भागाने गावे वसविण्याचे अवघड कार्य पार पाडले. माणसास त्याच्या कामात वसविण्याचे कार्य त्या मानाने लहान, पण अधिक चिकाटीचे आहे.